एसडब्ल्यूआर बिघडला आणि सिग्नल सुधारला

हॅम, म्हणजे हौशी रेडिओसाठी उभारलेल्या माझ्या छोट्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर पहिल्या दिवशी १.०५ आला होता. अँटेना रेडिओच्या केबलशी किती जुळतो ते हा आकडा सांगतो, आणि एक म्हणजे पूर्ण जुळणी. मैदानात मी एकटाच होतो, नाहीतर कुणाला तरी हाक मारून स्क्रीन दाखवली असती. ८० मीटरचा बँड म्हणजे ३.६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा कारभार. तिथे तरंगलांबी ८३ मीटरच्या वर जाते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा, साधारण २० मीटर उंच अँटेना उभा केला तर तो कॉइलशिवायच रेझोनन्सला, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीशी सुरात, येतो. माझ्याकडे होता पाठीवरच्या पिशवीत मावणारा पाच मीटरचा टेलिस्कोपिक व्हिप, म्हणजे ओढून लांब होणारी काठी, त्याच्या बुडाशी हाताने गुंडाळलेली कॉइल आणि जमिनीवर टाकलेल्या चार तारा, म्हणजे रेडियल. एवढासा अँटेना पहिल्याच प्रयत्नात रेडिओला हव्या असलेल्या ५० ओहमशी इतका चपखल जुळला याचा मला मनापासून आनंद झाला.

दिवे लागणीच्या सुमाराला बँड उघडला. मी दहा वॉटवर सीक्यू, म्हणजे कुणीही उत्तर द्या अशी हाक, द्यायला सुरुवात केली. दीड तास देत राहिलो. कुणीच उत्तर दिलं नाही. ज्यांचा आवाज मला स्वच्छ येत होता त्यांना बोलावलं, तर तेही माझ्यावरून पुढे निघून जात होते. त्यांना मी ऐकूच येत नव्हतो.

ऐकायला सगळं छान येत होतं, आणि त्यामुळेच माझा संशय अँटेनावर गेला नाही. याचं कारण नंतर उमगलं. या बँडवर ढगांतल्या विजांचा आणि आसपासच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाटच इतका असतो की अँटेना कमकुवत असला तर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली येतात. त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, आवाज वाढवला की झालं. प्रक्षेपणात ही सवलत नाही. अँटेनात जिरलेला वॉट जिरला, तो दूरच्या माणसाच्या कानापर्यंत कधीच जात नाही.

घरी येऊन वही उघडली. अँटेनाच्या रोधाचा जो भाग शक्ती लहरींच्या रूपात हवेत पाठवतो तो किरणोत्सर्गी रोध. आखूड उभ्या अँटेनासाठी त्याचा हिशेब सोपा आहे: उंचीला तरंगलांबीने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला ३९५ ने गुणायचं. पाच भागिले ८३.३ म्हणजे ०.०६, त्याचा वर्ग ०.००३६. उत्तर आलं १.४ ओहम. हे उत्तर मी तीनदा तपासलं. अँटेना मोजणारं यंत्र, ॲनालायझर, दाखवत होतं ४८ ओहम. त्या ४८ मधले फक्त १.४ ओहम माझा आवाज बाहेर पाठवत होते. काही ओहम कॉइलच्या तारेचे. उरलेले बहुतेक सगळे जमिनीचे, म्हणजे अँटेनाखालची माती तापवणारे. दहा वॉटमधले जेमतेम ०.३ वॉट हवेत जात होते.

एसडब्ल्यूआर चांगला यायचं कारण हेच होतं. जमिनीतला तोटा मोठा असल्यामुळेच बेरीज ५० च्या जवळ गेली होती. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे नुसता रोध, लावला तरी एसडब्ल्यूआर एकच येतो आणि त्यातून काहीही बाहेर पडत नाही, हे मी परवान्याच्या परीक्षेच्या वेळी पाठ केलं होतं. मैदानात स्वतःच्या हाताने उभारलेल्या अँटेनासमोर ते आठवलं नाही.

तिथून पुढे मी एसडब्ल्यूआर बाजूला ठेवला आणि आर आणि एक्स हे दोन आकडे वेगवेगळे बघायला लागलो. आर म्हणजे रोध, एक्स म्हणजे रिॲक्टन्स, कॉइल किंवा धारकतेमुळे येणारा आणि शक्ती न जिरवणारा विरोध. एक्स शून्यावर आणणं म्हणजे रेझोनन्स. तेवढं झाल्यावर आर किती उरला, आणि तो कशाकशाचा बनलेला आहे, हा खरा प्रश्न.

आधी कॉइल नव्याने केली. पाच मीटरच्या व्हिपची रिॲक्टन्स ३.६ मेगाहर्ट्झला उणे १०८० ओहमच्या घरात येते. ती भरून काढायला सुमारे ४८ मायक्रोहेन्री लागतात. पहिली कॉइल मी पातळ तारेने वेढ्याला वेढा चिकटवून केली होती. या वेळी ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा प्लास्टिकचा पाइप घेतला आणि सव्वा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार. दोन वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीएवढी जागा सोडायची म्हणून तारेसोबत तेवढ्याच जाडीची दोरी गुंडाळत गेलो आणि शेवटी दोरी उलगडून काढून घेतली. तार ताणलेली ठेवण्यासाठी तिचं दुसरं टोक खुंटीला बांधलं होतं. पाइप दोन्ही हातांत धरून, तो फिरवत फिरवत मी एकेक पाऊल खुंटीकडे सरकत होतो. बेचाळीस वेढे झाले. प्रत्येक तिसऱ्या वेढ्याला तारेखाली काडी सरकवून तो किंचित उचलला, म्हणजे क्लिप नेमकी त्याच वेढ्याला पकडते आणि शेजारच्याला टेकत नाही. अंतर सोडून गुंडाळलेल्या जाड तारेच्या कॉइलचा क्यू, म्हणजे तिची रिॲक्टन्स भागिले तिचा तोटा, दोनशेच्या आसपास मिळतो, म्हणजे तिचा स्वतःचा तोटा पाच ओहमच्या जरा वर. याहून खाली जायचं तर कॉइल आणखी मोठी आणि जड होते, आणि हा अँटेना मला पाठीवर न्यायचा होता.

दुसऱ्या खेपेला मैदानात गेल्यावर आधी मापनच नीट केलं. नॅनो-व्हीएनए, म्हणजे माझा छोटा ॲनालायझर, केबलच्या रेडिओकडच्या टोकाला लावून कॅलिब्रेट केला तर तो केबलमधून फिरून बदललेले आकडे दाखवतो. म्हणून ओपन, शॉर्ट आणि लोड हे तिन्ही तुकडे अँटेनाच्या बुडाशी, जिथे केबल संपते तिथे लावून कॅलिब्रेशन केलं. मग अँटेना जोडला, आणि सहज केबल उचलून बाजूला ठेवली तर स्क्रीनवरचा खड्डा, म्हणजे एसडब्ल्यूआरच्या आलेखातली सर्वांत खालची जागा, सरळ १५ किलोहर्ट्झ सरकला. केबलला हात लावला, पुन्हा सरकला.

केबल हात लावल्याने ट्यूनिंग हलवत असेल तर तिच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह वाहतोय, म्हणजे केबल स्वतःच पाचवा रेडियल झाली आहे. अशा स्थितीत घेतलेल्या कुठल्याही मापाला अर्थ नाही. मी ३१ नंबरच्या मटेरियलच्या मोठ्या फेराइट कड्यावर पातळ केबलचे बारा वेढे घेऊन जाळीवरचा प्रवाह अडवणारा चोक केला होता, पण तो पिशवीतच होता. एवढ्याशा मोजमापाला त्याची गरज काय, असं वाटलं होतं. तो अँटेनाच्या बुडाशी लावल्यावर केबल हातात धरा, उचला, गुंडाळा, खड्डा जागचा हलत नव्हता. त्या दिवसापासून चोक लावल्याशिवाय मी एकही आकडा वहीत लिहिलेला नाही.

मग रेडियल. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात मेहनतीचं सर्वांत जास्त फळ इथे मिळतं. जमिनीवर पसरलेली तार मातीला इतकी चिकटून असते की तिची स्वतःची रेझोनन्स फारशी शिल्लक राहत नाही. त्यामुळे २० मीटरच्या मोजून कापलेल्या चार तारांपेक्षा पाच मीटरच्या सोळा तारा अशा आखूड अँटेनाला जास्त उपयोगी पडतात. अँटेनाच्या उंचीएवढ्या त्रिज्येत जमिनीतला प्रवाह सर्वांत दाट असतो, म्हणून तांबं तिथेच हवं. ही समज जुनीच आहे. ब्राउन, लुईस आणि एप्स्टाईन यांनी ३ मेगाहर्ट्झवर रेडियलची संख्या आणि लांबी बदलत मोजमापं केली आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रांमध्ये मनोऱ्याखाली १२० तारा पुरण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. माझ्या पिशवीत १२० तारा मावणार नव्हत्या. चोवीस मावल्या. चार-चार तारांचे जुडगे करून प्रत्येक जुडग्याला एकेक रिंग टर्मिनल डाखवलं होतं, म्हणजे ते बुडाच्या पत्र्यावर फुलपाखरी नटाखाली झटकन बसतं.

चार रेडियलवर आर ४८. एक जुडगा वाढवला, आठ झाले, आर ३६. सोळा झाले तेव्हा २७. चोवीसला २४. दर वेळी व्हिप थोडा वर-खाली करून एक्स शून्यावर आणत होतो. आर उतरत होता आणि त्याबरोबर एसडब्ल्यूआर चढत होता: १.०५, १.४, १.८५, २.१. इतकी वर्षं ज्या आकड्याकडे बघायची सवय लागली होती तो डोळ्यांसमोर बिघडत होता आणि मला माहीत होतं की अँटेना सुधारतोय. तरी मध्येच एकदा हात थबकला. सोळाव्या तारेनंतर वाटलं, दोन जुडगे काढून टाकावेत, रेडिओ सुखाने चालेल. वहीतला १.४ हा आकडा पुन्हा वाचला आणि उरलेले दोन जुडगे पसरले.

आणखी एक खूण सोबत होती. चार रेडियलवर ज्या पट्ट्यात अँटेना वापरता येईल तो सुमारे ११० किलोहर्ट्झ रुंद होता. चोवीस रेडियलवर जुळवणी झाल्यावर तो ५० ते ५५ वर आला. तोटा कमी झाला की खड्डा अरुंद होतो. पोर्टेबल अँटेना ८० मीटरवर भलामोठा पट्टा एकाच ट्यूनिंगमध्ये देत असेल तर मी आता आधी तोटा शोधतो.

एवढ्या अरुंद पट्ट्यात ट्यूनिंग हे अगदी बारीक काम होतं. कॉइलवर क्लिप एक वेढा सरकवली की फ्रिक्वेन्सी ५५ ते ६० किलोहर्ट्झ उडी मारते, म्हणजे एका वेढ्यात अख्खा पट्टा ओलांडून जातो. क्लिपने फक्त जवळपास पोचायचं. माझा टॅप, म्हणजे क्लिपची जागा, एकोणचाळिसाव्या वेढ्याला बसला. पुढचं काम व्हिपच्या लांबीने. माझ्याकडे एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेतीन किलोहर्ट्झ. वरचा सर्वांत बारीक भाग दोन बोटांच्या चिमटीत धरून किंचित ओढायचा, हात सोडून चार पावलं मागे यायचं आणि मग स्क्रीन बघायची. जवळ उभं राहून बघितलं तर आपलं शरीरच अँटेनाची धारकता वाढवतं, आणि मागे सरल्यावर आकडा वर पळतो. हे मागे-पुढे मी त्या दिवशी किती वेळा केलं त्याची मोजदाद नाही. गवतात पायवाट पडली होती. व्हिपचे सांधे मात्र आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावेत, कारण मळलेल्या सांध्यात आकडा वाऱ्याच्या झुळकीबरोबर थरथरतो.

आता २४ ओहमला ५० वर नेणं. यासाठी ट्यूनर लागत नाही, अँटेनाच्या बुडाशी केबलच्या मधल्या तारेपासून रेडियलच्या पत्र्यापर्यंत जोडलेली एक छोटी कॉइल पुरते. कल्पना अशी: व्हिप मुद्दाम जरा आखूड ठेवायचा, म्हणजे अँटेना उणे २५ ओहम इतका कपॅसिटिव्ह राहतो, आणि समांतर जोडलेली कॉइल ते उणेपण खाऊन टाकताना रोध दुपटीने वर उचलते. हिशेबाने २.१ मायक्रोहेन्री आलं. २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपवर २५ मिलिमीटर लांबीत अकरा वेढे घेतले. कॉइल जोडली आणि व्हिप बारा सेंटिमीटर आत घेतला. खड्डा आधी तिरपा दिसला, मग छोट्या कॉइलचे दोन वेढे नखाने जरा फाकवले आणि तो सरळ खाली गेला. एसडब्ल्यूआर १.१. पहिल्या दिवशीसारखाच आकडा, पण यातली निम्मी माती निघून गेली होती.

प्रक्षेपण सुरू करण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ॲनालायझरची शक्ती नगण्य असते, तोपर्यंत कॉइलला हात लावला तर फक्त माप बिघडतं. रेडिओ जोडल्यावर गोष्ट वेगळी. दहा वॉटला या २४ ओहमच्या अँटेनात ०.६५ अँपिअर जातात आणि कॉइलच्या वरच्या टोकाला ७०० व्होल्ट उभे राहतात. शंभर वॉटला ते २,२०० होतात. तिथे बोट लागलं तर भाजतं, आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीची भाजलेली जखम खोल जाते. मी अँटेनाभोवती दोन मीटरवर दोरी बांधतो. मैदानात मुलं येतात, कुत्री येतात. टॅप बदलायचा तर आधी माइक हातातून खाली ठेवतो आणि रेडिओ बंद करतो.

सुधारणा खरंच झाली का हे एका संपर्कावरून ठरवता येत नाही. ८० मीटरवर सिग्नल मिनिटामिनिटाला चढतो-उतरतो आणि दिवसा आयनांबराचा डी थर तो शोषून घेतो. म्हणून अंधार पडल्यावर डब्ल्यूएसपीआर लावलं. नोबेल पारितोषिक मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये ही पद्धत हॅम मंडळींना दिली. रेडिओ सम मिनिटाला सुरू होऊन ११० सेकंदांचा संथ संदेश पाठवतो, आणि ठिकठिकाणचे रिसीव्हर आपला सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत किती डेसिबल आला ते नोंदवतात. मी आलटून-पालटून पाठवलं: एकदा चोवीस रेडियल आणि छोटी कॉइल, एकदा चार रेडियल आणि कॉइल काढलेली. व्हिपवर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या होत्या, दोन्ही स्थितींसाठी एकेक. टॉर्च तोंडात धरून नट फिरवायचे, व्हिप खुणेवर आणायचा, तपासायचा, पाठवायचा. तीन तासांत प्रत्येकी नऊ फेऱ्या झाल्या. दोन्ही बाजू ऐकलेल्या रिसीव्हरांचेच आकडे घेतले. एकाकडे उणे २१ चं उणे १८, दुसऱ्याकडे उणे २४ चं उणे २०, एकाकडे फक्त दोनाचा फरक. सरासरी तीन डेसिबलच्या अगदी जवळ. कागदावर ४८ चे २४ झाले होते, म्हणजे शक्ती दुप्पट, म्हणजे तीन डेसिबल. वहीतला हिशेब आणि दूरच्या अनोळखी रिसीव्हरांनी दिलेली नोंद एकाच ठिकाणी येऊन मिळाली, तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

४० मीटरचं थोडक्यात. तिथे टॅप तेराव्या वेढ्याजवळ आला, किरणोत्सर्गी रोध साडेपाच ओहमच्या घरात गेला आणि सगळं सोपं झालं. त्याच चोवीस तारांवर पहिल्याच संध्याकाळी सहा संपर्क झाले.

८० मीटरवर मात्र अजून एक मोठा घास बाकी होता. रेडियल कितीही वाढवले तरी १.४ ओहम तेवढेच राहतात. ते वाढवायचे तर व्हिपमधला प्रवाह वरपर्यंत टिकला पाहिजे, आणि त्यासाठी टोकाला धारकता हवी. व्हिपचं टोक काडीसारखं, त्याला वजन पेलवत नाही. म्हणून पुढच्या खेपेला झाडाच्या फांदीवरून दोरी टाकली, तिला पाच मीटरची पातळ तार बांधून आडवी ताणली आणि तारेचं दुसरं टोक क्लिपने व्हिपच्या शेंड्याला नुसतं टेकवलं, भार सगळा दोरीवर. टॅप एकोणचाळीसवरून बाविसाव्या वेढ्यावर आला. कॉइल जवळपास निम्मी झाली आणि तिचा तोटाही.

ॲनालायझरने आर दाखवला २३. आधी २४ होता. नुसत्या आकड्यावरून वाटावं की काहीच घडलं नाही. पण आता त्या २३ मध्ये किरणोत्सर्गाचे साडेतीन ओहम होते, कॉइलचे पावणेतीन आणि बाकी जमिनीचे. आणि पट्टा? तो अरुंद व्हायच्या ऐवजी ५५ वरून ८५ ते ९० किलोहर्ट्झवर गेला. तोट्याने रुंद झालेला पट्टा आणि कमी कॉइलमुळे रुंद झालेला पट्टा स्क्रीनवर सारखेच दिसतात. आर आणि पट्टा दोन्ही पाहिल्यावरही, अँटेनात नेमकं काय बदललंय हे डोळ्यांनी अँटेनाकडेच बघून ठरवावं लागतं.

त्या रात्री आडवी तार लावून आणि काढून पुन्हा फेऱ्या घेतल्या. फरक चार डेसिबलचा आला. पहिल्या दिवसाशी तुलना केली तर सात डेसिबल, म्हणजे एका एस-युनिटच्या, सिग्नल मोजायच्या सहा डेसिबलच्या पायरीच्या, वर. दहा वॉटमधले ०.३ ऐवजी दीड वॉट आता हवेत जात होते. डब्ल्यूएसपीआर बंद करून माइक हातात घेतला, सीक्यू दिला. दुसऱ्याच हाकेला उत्तर आलं. पहिल्या दिवशी माझ्यावरून निघून गेलेल्यांपैकीच एक जण होता, आवाजावरून आणि कॉलसाइनवरून ओळखलं. त्याने ५५ चा रिपोर्ट दिला, म्हणजे बोलणं पूर्ण स्पष्ट आणि सिग्नल बऱ्यापैकी, आणि विचारलं, अँटेना काय आहे? पाच मीटरचा व्हिप म्हटल्यावर त्याने लांबी पुन्हा विचारली. मी पुन्हा सांगितली, आणि मग चोवीस तारांबद्दल आम्ही पाऊण तास बोलत बसलो.